तंजावर फुकटात: दोन दिवस, शून्य प्रवेश फी

(पॉडकास्टच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे म्हणजे" जरा कमी केलेत.)

हेडफोन लावलेत ना? चला, सुरू करू.

मागच्या महिन्यात बऱ्याच जणांचा एकच मेसेज होता: "दादा, फिरायचंय पण बजेट नाही. काहीतरी फुकटातलं सांग." तर आजचा भाग त्याच्यावर. शहर आहे तंजावर, तमिळनाडूतलं. आणि मी तिथे गेलो तेव्हा माझ्याकडेही बजेट नव्हतं. खरं सांगायचं तर पगारच नव्हता.

झालं असं की मी चेन्नईत एका कंपनीत काम करत होतो. एका सोमवारी पंधरा मिनिटांचा कॉल आला, लॅपटॉप परत करायचा पत्ता आला, आणि संपलं. अख्खी टीम गेली. पुढचे दहा-बारा दिवस मी खोलीत बसून नुसते रेझ्युमे पाठवत होतो. घरी सांगितलं नव्हतं. आईचा रोज रात्री फोन यायचा, "जेवलास का, ऑफिस कसं चाललंय," आणि मी म्हणायचो, "चाललंय, काम खूप आहे." एका शुक्रवारी मला त्या खोलीत बसवेना. रात्रीची ट्रेन पकडली आणि पहाटे तंजावरला उतरलो. तंजावरच का? तर तिकीट परवडणारं होतं, आणि शाळेच्या पुस्तकात "तंजावरचे मराठे" असं काहीतरी वाचल्याचं आठवत होतं. एवढंच.

सुरुवातीलाच प्रामाणिकपणे सांगतो, अगदी शून्य रुपयात काही होत नाही. ट्रेनचे पैसे लागले. झोपायला एका मित्राच्या भावाची खोली होती, म्हणून ते वाचले. जेवण, कॉफी, बस मिळून दोन दिवसांत चारशेच्या आत भागलं. पण बघण्यासाठी, आत जाण्यासाठी म्हणून मी एक रुपयाही दिला नाही. आणि जे बघितलं ते पैसे देऊन बघितलेल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा भारी होतं.

पहिलं: मोठं देऊळ

स्टेशनवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. बृहदीश्वर मंदिर, तिथले लोक "पेरिय कोविल" म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ. राजराज चोळानं बांधलं, १०१० साली पूर्ण झालं. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. प्रवेश फुकट. भारतीयांना, परदेशी लोकांना, सगळ्यांना.

पहाटे जा. याची दोन कारणं आहेत. एक, दुपारी गाभारा बंद असतो. दुसरं, आत अनवाणी फिरायचंय आणि अंगणातला दगड दुपारी असा तापतो की तुम्ही देवदर्शन सोडून सावलीदर्शन करत पळता. संध्याकाळी परत या, कारण मावळतीला त्या शिखराचा रंग बदलत जातो आणि गावातली माणसं पोराबाळांसकट अंगणात येऊन बसतात. पिकनिकसारखं वातावरण असतं. तुम्हीही बसा. कोणी उठवत नाही.

शिखर दोनशे फुटांच्या वर आहे आणि सगळं ग्रॅनाइटचं. आता गंमत बघा. तंजावर आहे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात. खाली सगळी गाळाची माती, भातशेती. म्हणजे हा एवढा दगड बाहेरून आणलाय, हजार वर्षांपूर्वी.

एक व्हॉट्सॲपवाली गोष्ट इथेच मोडून टाकतो. "या मंदिराच्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही" असं तुम्ही ऐकलं असेल. मंडळी, पडते. मी संध्याकाळी त्या सावलीत बसून शेंगदाणे खाल्लेत.

पण शिखरापेक्षा मला जास्त धरून ठेवलं ते खालच्या भागानं. देवळाच्या जोत्यावर, म्हणजे तुमच्या कमरेच्या, छातीच्या उंचीवर, ओळीच्या ओळी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. मला वाटलं स्तोत्रं असतील. नंतर कळलं, हा हिशेब आहे! राजानं आज्ञा दिली होती की मी दिलेलं, माझ्या थोरल्या बहिणीनं दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि बाकी लोकांनी दिलेलं सगळं दगडावर लिहा. कोणी किती सोनं दिलं, कोणता दागिना, वजन किती. देवळात नाचणाऱ्या चारशे बायका दुसऱ्या देवळांमधून इथे आणल्या होत्या. त्यांची नावं आहेत, कुठून आली ते आहे, आणि कुठल्या गल्लीत कितवं घर दिलं तेही आहे. आम्ही आयटीवाले याला टेबल म्हणतो. नाव, मूळ ठिकाण, पत्ता. हजार वर्षं झाली, कोणी डिलीट केलेलं नाही.

आणि त्यात दिव्यांचा हिशेब आहे. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. समजा तुम्हाला देवळात एक दिवा कायम तेवत ठेवायचाय. तर तुम्ही ९६ मेंढ्या दान द्यायच्या. त्या मेंढ्या धनगराकडे जातात. त्या बदल्यात तो रोज ठरलेलं तूप देवळात आणून देतो. मेंढ्या मरतात, नव्या जन्मतात, पण हिशेबात कळप ९६ चाच राहतो. म्हणजे मुद्दल तसंच, व्याजावर दिवा. एफडीच की ही! ज्यानं मेंढ्या दिल्या तो गेला, त्याची नातवंडं गेली, पण संध्याकाळी देवळात येणाऱ्या अनोळखी माणसाला उजेड मिळत राहिला.

तिथे बसून माझ्या डोक्यात पहिल्यांदा हे आलं की "फुकट" हा शब्द आपण चुकीचा वापरतो. हे फुकट नाहीये. हे कोणीतरी आधीच भरून ठेवलंय.

दुसरं: भिंतीवरची मराठी

त्याच देवळाच्या आवारात, नैर्ऋत्य कोपऱ्याकडे, गणपतीच्या देवळाच्या बाजूची ओवरी शोधा. तिथल्या भिंतीवर एक मोठ्ठा शिलालेख आहे. मी तिथे नुसता भटकत पोचलो. दोन दिवस तमिळ पाट्यांकडे बघून डोळे थकलेले, आणि अचानक समोर देवनागरी! आणि वाचायला लागलो तर मराठी. घरापासून हजारेक किलोमीटरवर, चोळांच्या देवळात, मराठी.

थोडा इतिहास पटकन सांगतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात भोसल्यांची गादी सुरू केली. ती १८५५ पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ १८० वर्षं. इथल्या राजांनी मराठीत नाटकं लिहिली. आपलं कीर्तन इथे रुजलं आणि त्यातून तमिळ हरिकथेला आकार आला. दुसरे सरफोजीराजे, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळातले, ते तर भलतेच उत्साही गृहस्थ. छापखाना काढला, देवनागरी खिळे पाडले, ग्रंथ जमवले, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवून घेतल्या. त्यांनीच १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास या भिंतीवर कोरून घेतला.

मी बोट न लावता, पुटपुटत वाचत होतो. जुनं वळण, मध्येच शब्द अडतात, पण जमतं. तेवढ्यात मागून आवाज आला: "मराठी?"

वळून बघितलं तर सत्तरीच्या आसपासचे एक आजोबा. पांढरं धोतर, कपाळाला गंध. मी "हो" म्हणालो आणि ते बोलायला लागले. मंडळी, ती मराठी मी कधी ऐकली नव्हती. हेल तमिळ, मधले शब्द तमिळ, आणि काही शब्द असे जुने की माझी पणजी बोलत असेल तसे. मला निम्मं कळत होतं, निम्मं अंदाजानं. त्यांचं घराणं पिढ्यान्पिढ्या तंजावरात. घरी मराठी बोलतात, पण शिक्षण सगळं तमिळमधून. त्यामुळे त्यांना मराठी बोलता येते, पण देवनागरी धड वाचता येत नाही.

मग आम्ही काय केलं, मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. मला अक्षरं येत होती पण त्यातले बरेच राजे माहीत नव्हते. त्यांना राजे माहीत होते, अक्षरं येत नव्हती. मी एक नाव वाचलं की ते सांगायचे हा कोण, त्याचा मुलगा कोण, त्यानं गावात काय बांधलं. अर्धा-पाऊण तास असंच चाललं. मध्ये एक शाळेची सहल येऊन गेली, पोरं आमच्याकडे बघून हसून गेली.

मग त्यांनी विचारलं, काय करता? मी सवयीनं म्हणणार होतो, "आयटीत आहे." पण तोंडातून आलं, "आजोबा, नोकरी गेली माझी." दहा-बारा दिवसांत हे वाक्य मी मराठीत पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. आजोबांनी "अरेरे" वगैरे काही केलं नाही. थोडा वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, मग वेळ आहे तुम्हाला. उद्या तिरुवैयारूला जाऊन या. आणि बस कुठून मिळेल ते सांगायला लागले.

त्यांची नातवंडं चेन्नईत आहेत, त्यांना मराठी येत नाही, हे त्यांनी निघता निघता सांगितलं. मी काही बोललो नाही. माझ्याही घरी परदेशातली भाचरं व्हिडिओ कॉलवर "हाय मामा" एवढंच म्हणतात.

तिसरं: गावातून पायी

देवळातून निघालात की हे सगळं चालत होतं.

शिवगंगा बागेच्या बाजूला जुनं श्वार्ट्झ चर्च आहे, १७७९ सालचं. श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी, सरफोजीराजांचे गुरू. ते गेल्यावर राजानं लंडनहून जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. शिल्पात काय आहे? मरणशय्येवरचा गुरू आणि त्याला भेटायला आलेला राजा. एक मराठी हिंदू राजा आपल्या ख्रिस्ती शिक्षकासाठी हे करवतो, आणि ते आजही चर्चमध्ये आहे. दार बंद असेल तर आवारात कोणी असेल त्याला नम्रपणे विचारा.

मग गावाच्या पूर्वेला जा, तिथे एका उंचवट्यावर प्रचंड तोफ आहे, राजगोपाल तोफ. नायक राजांच्या काळातली, सतराव्या शतकातली. लांबी जवळपास २६ फूट. मेकॅनिकलवाल्यांनो, ऐका: ही ओतीव नाही. लोखंडी पट्ट्या आणि कडी तापवून, ठोकून, जोडून केलेली आहे. जवळून बघितलं की कड्यांचे सांधे दिसतात. रिक्षावाल्याला "पीरंगी मेडू" म्हणा, म्हणजे तोफेचा उंचवटा. मी गेलो तेव्हा तिथे दोन पोरं अभ्यास करत बसली होती आणि एक कुत्रा झोपला होता. एवढीच गर्दी.

राजवाड्याच्या भोवतालच्या रस्त्यांवर नुसतं फिरा. तंजावर चित्रं, डोलणाऱ्या मानेच्या बाहुल्या, पितळेची कामं. वीणा बनवणारे कारागीरही या गावात आहेत. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. एका कारखान्याचं दार उघडं होतं, मी बाहेर उभा राहिलो, आतल्या काकांनी मानेनंच "ये" केलं. वीस मिनिटं त्यांचं कोरणं बघितलं. विकत काही घ्यायचं नसेल तर तसं आधीच सांगा, त्यांचा वेळ खाऊ नका, काम चालू असताना फोटोसाठी थांबवू नका. बघायला ते नाही म्हणत नाहीत.

राजवाडा आणि त्यातल्या कलादालनाला तिकीट आहे. मी गेलो नाही. पण तुमच्याकडे पैसे असतील तर नक्की जा, चोळांच्या कांस्यमूर्तींसाठी तरी. तिथेच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्यात तीन हजारांच्या वर मराठी हस्तलिखितं आहेत. पुढच्या वेळी तिकीट काढून जाणार, ठरलंय.

चौथं: तिरुवैयारू

दुसऱ्या दिवशी आजोबांनी सांगितलेली बस पकडली. १३ किलोमीटर. मुलींनो, तुमच्यासाठी खास: तमिळनाडूत साध्या शहरी बसमध्ये बायकांना तिकीटच लागत नाही, २०२१ पासून. चढण्याआधी कंडक्टरला एकदा विचारून घ्या, कारण एक्सप्रेस गाड्यांना ते लागू नाही.

तिरुवैयारू म्हणजे कावेरीकाठचं छोटं गाव. त्यागराज इथे राहिले, इथेच १८४७ मध्ये गेले. कर्नाटक संगीतातलं सगळ्यात मोठं नाव. नदीच्या काठावर त्यांची समाधी आहे. शांत जागा. जा, बसा, नदी बघा.

परंपरेनं सांगतात ती गोष्ट अशी. सरफोजीराजांनी त्यागराजांना दरबारात बोलावलं, भेटी पाठवल्या. आणि त्यागराजांनी त्या परत पाठवल्या. संपत्तीत सुख जास्त की देवाजवळ, असा प्रश्न विचारणारी त्यांची एक प्रसिद्ध कृती आहे, ती याच प्रसंगी रचली असं म्हणतात. नोकरी गेलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकून जरा विचित्र वाटतं, हे कबूल करतो. माझ्याकडे कोणी भेटी पाठवल्या असत्या तर मी पावती फाडून घेतल्या असत्या.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्यागराज गेल्यानंतर पुढे ही समाधी दुर्लक्षित पडली होती. १९२०च्या दशकात बंगळूर नागरत्नम्मा नावाच्या गायिकेनं स्वतःच्या कमाईतून इथलं मंदिर बांधलं. त्या देवदासी होत्या. तेव्हा इथल्या उत्सवात बायकांना गायची परवानगी नव्हती. म्हणजे बघा, जागा हिच्या पैशानं उभी राहिली, आणि गायला हिलाच बंदी. त्या भांडल्या, आणि बायकांसाठी ती जागा मोकळी करून घेतली. आज त्यांची मूर्ती त्यागराजांच्या समाधीकडे तोंड करून बसलेली आहे.

मला देवळाच्या जोत्यावरची ती चारशे नावं आठवली. नाचणाऱ्या बायका, घर नंबर अमुक. आणि नऊशे वर्षांनी त्याच परंपरेतली एक बाई, जिनं स्वतःच पुढच्यांसाठी भरून ठेवलं.

दर वर्षी पौष वद्य पंचमीला, म्हणजे बहुतेक वेळा जानेवारीत, इथे आराधना होते. मोठमोठे गायक-वादक समाधीसमोर जमिनीवर बसून त्यागराजांच्या पाच पंचरत्न कृती एकत्र गातात. ज्यांच्या मैफलीचं तिकीट चेन्नईत आपल्याला परवडत नाही ते इथे सेवा म्हणून गातात, आणि तुम्ही मंडपात कुठेही बसून ऐका. जमलं तर तेव्हाच जा. हवा चांगली असते. एप्रिल-मेमध्ये गेलात तर बऱ्याचदा नदीत वाळूच असते. वर मेट्टूरच्या धरणातून पाणी सोडायची रूढ तारीख १२ जून आहे.

अजून एक दिवस असेल तर कुंभकोणमजवळ दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर बघा. तेही जागतिक वारसा, तेही विनातिकीट, आणि गर्दी कमी.

तर, लक्षात ठेवायच्या गोष्टी

पटकन सांगतो. पहाटे आणि संध्याकाळी फिरा, दुपारी झोपा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला. पाण्याची बाटली जवळ ठेवा. गाभाऱ्यात फोटो नाही. शिलालेखावर हात फिरवू नका, खडू-पावडर लावून "अक्षरं उठवायचा" प्रकार तर अजिबात नको. आणि घाई नको. पैसे देऊन बघितलं की आपण वसुली करत पळतो. इथे कोणी घड्याळ लावलेलं नसतं, त्यामुळे एकाच भिंतीसमोर तासभर उभं राहता येतं.

त्या रात्री तिरुवैयारूहून परत आलो आणि परत मोठ्या देवळाच्या अंगणात जाऊन बसलो. नेहमीच्या वेळी आईचा फोन आला. "जेवलास का, ऑफिस कसं चाललंय?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग आई म्हणाली, "मला वाटलंच होतं. आता कुठेयस?" मी म्हणालो, तंजावरला, देवळात. "मग माझ्या नावानं नमस्कार कर. आणि भाड्याची काळजी करू नको, मी थोडे बाजूला ठेवलेत."

बाजूला ठेवलेत. म्हणजे इथेही कोणीतरी आधीच भरून ठेवलेलं होतंच. मलाच माहीत नव्हतं.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी नोकरी लागली. तो वेगळा भाग होईल. पण हा पॉडकास्ट मी त्यानंतर सुरू केला आणि तो फुकट ठेवलाय, त्याचं कारण आता तुम्हाला कळलं असेल.

तुमच्या गावातली अशी एक जागा, जिथे तिकीट नाही पण जी कोणीतरी आपल्यासाठी करून ठेवलीय, तिचा व्हॉइस मेसेज पाठवा. विहीर, वाचनालय, पाणपोई, काहीही. आणि ती कोणी बांधली हे माहीत नसेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून मगच पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.